सेवेचे मोल

शोमरोनी माणसाचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून जाणारे याजक व लेवी आणि अखेर त्याच्यापाशी थांबलेला तो परका माणूस. आम्ही धर्मगुरू प्रवचनात सहसा येथवर येऊन थांबतो. दृष्टांत मात्र येथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना शोमरोनी उतारशाळेच्या धन्याच्या हाती दोन दिनार ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरून देण्याचे कबूल करतो. दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हे द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टांतावरून आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी आगाऊ आणि उरलेल्याची हमी. त्यानंतर त्या जखमी माणसाची उस्तवार उतारशाळेच्या धन्याने केली. तिच्यासाठी त्याला पैसे मिळाले म्हणून ती हलक्या प्रतीची ठरली, असे प्रभू येशूने कोठेही सुचविलेले नाही. "हे देवाचे काम आहे, तेव्हा तूही थोडी सेवा कर," असे शोमरोन्याने त्याला सांगितले नाही.

मी मात्र तसे सांगितले होते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तरुण धर्मगुरू होतो आणि ज्या धर्मग्रामात माझी नेमणूक झाली होती तेथे चर्चच्या आवारात एक बालवाडी चालत असे. चाळीसएक मुले आणि एक बाई. मुलांची नाके पुसण्यापासून त्यांना अक्षरे गिरवायला शिकविण्यापर्यंत सारे त्याच करीत; एखादे मूल चार दिवस आले नाही तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन येत. आम्ही त्यांना महिना सहाशे रुपये देत असू. दोन वर्षांनी त्यांनी संकोचत वाढ मागितली. मी त्यांना बसवून घेतले आणि लहान मुलांच्या सेवेचे माहात्म्य यावर एक छोटेखानी प्रवचनच दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "फादर, वाण्याला मी काय सांगू? देवाचं काम करते, तर तांदूळ अर्ध्या भावात दे?"

मला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. पुढल्या जूनमध्ये त्या आल्या नाहीत. जवळच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकची खेळणी खोक्यांत भरण्याचे काम त्यांनी धरल्याचे कळले. पगार आमच्या दुपटीहून अधिक होता. मुलांना सांभाळण्यापेक्षा मुलांची खेळणी भरण्याला समाज अधिक मोल देतो, हा विनोद तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता.

हा प्रश्न एका बालवाडीपुरता असता तर माझ्या कबुलीजबाबाबरोबर तो संपला असता. पण आपल्या देशाने लक्षावधी स्त्रियांच्या बाबतीत हेच धोरण चालविले आहे. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याच परिसरातून देशभर गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ साली ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी, गरोदर मातांची विचारपूस, शाळापूर्व शिक्षण, एवढे सारे सेविका आणि मदतनीस यांच्यावर सोपविण्यात आले. मात्र त्यांना जे दिले जाते त्यास वेतन म्हटले गेले नाही. त्याला 'मानधन' म्हणतात.

मानधन हा मोठा सुसंस्कृत शब्द आहे. व्याख्यात्याला शाल-श्रीफळाबरोबर जे पाकीट देतात ते मानधन. त्यावर त्याची चूल पेटत नसते. त्याच्या ज्ञानाची किंमत करता येत नाही, म्हणून केवळ मान राखण्यासाठी ते द्यायचे. परंतु जिच्या कामाची वेळ ठरलेली आहे, जिला नोंदवह्या भराव्या लागतात, जिच्या केंद्राची तपासणी होते आणि कसूर झाल्यास जिला नोटीस मिळते, तिच्या हाती हे पाकीट ठेवले की त्यातला मान निघून जातो आणि धनही पुरेसे उरत नाही. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचे मानधन तीन हजारांवरून साडेचार हजार आणि मदतनिसाचे दीड हजारांवरून सव्वादोन हजार केले. राज्ये आपापली भर त्यात घालतात. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने ही रक्कम सेविकेसाठी ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसासाठी ४,४२५ वरून ५,५०० रुपये केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना संपावर जावे लागले आणि तो संप जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. पुढे रक्कम आणखी वाढली. शब्द तोच राहिला. आरोग्य खात्याच्या 'आशा' तर सरकारी कागदांत 'स्वयंसेविका' आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्यांना खर्च येत नाही.

नैतिक प्रश्न मला असा दिसतो. त्याग ही श्रेष्ठ गोष्ट आहे यात शंका नाही. पण तो कोणी करावयाचा? माझी शिदोरी मी भुकेल्याला दिली तर तो त्याग झाला. शेजाऱ्याची शिदोरी त्याला न विचारता मी भुकेल्याला दिली तर भुकेल्याचे पोट भरेल, परंतु त्याग माझाही नाही आणि शेजाऱ्याचाही नाही. सेवा हा शब्द काम करणाराच स्वतःच्या कामाविषयी उच्चारू शकतो. पैसे देणाऱ्याच्या तोंडी तो आला की तो बहुधा सवलत मागण्यासाठी आलेला असतो.

यावर असे म्हणतात की त्या स्त्रियांनी हे काम आपखुशीने पत्करले आहे. कोणी सक्ती केली नव्हती. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात या युक्तिवादाचा विचार केला होता. निकडीपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीपोटी कामगार अपुरी मजुरी कबूल करतो तेव्हा तो बळजबरीचा बळी असतो, करार झाला म्हणून अन्याय मिटत नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. विशेष असे की १९८२ साली आपले सर्वोच्च न्यायालयही वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी ठरविले की किमान वेतनाहून कमी पैशांत राबविणे ही राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने मना केलेली वेठबिगारीच होय. कारण भूक हीदेखील सक्ती आहे. 'वेठ' या शब्दाचा अर्थ आपल्या परिसराला कोशात पाहावा लागत नाही. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली शेजारच्या तलासरी-उंबरगाव पट्ट्यात वारली शेतमजुरांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठीविरुद्ध लढा पुकारला होता.

मानधनी सेविकांविषयी मात्र न्यायालयही अडखळत चालले. त्या शासकीय पदावर नाहीत असे २००६ साली ठरले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये न्यायमूर्ती रस्तोगी आणि ओक यांनी त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निर्णय दिला आणि त्या कायद्यापुरते तरी मानधन हे वेतनच आहे असे म्हटले. दरम्यान २०१३ सालच्या भारतीय श्रम परिषदेने त्यांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. एवढी वर्षे एका शब्दासाठी भांडण चालते, यावरून त्या शब्दात किती पैसे दडलेले असतील याची कल्पना यावी.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो आमच्याच मठांतून आणि धर्मगुरुनिवासांतून येतो. धर्मभगिनी आणि धर्मगुरू अल्पशा रकमेवर जन्मभर सेवा करतातच ना? करतात. परंतु आमच्या डोक्यावर छप्पर आहे, ताट वाढलेले असते, आजारात कोणीतरी रुग्णालयाचे बिल भरतो आणि म्हातारपणी खोली राखलेली असते. शिवाय आम्हांला मुलांची फी भरावयाची नसते. दारिद्र्याचे व्रत घेणे आणि दारिद्र्याचा पगार देणे यांत फार अंतर आहे.

आणि हे सारे सरकारवर ढकलून आपल्याला मोकळे होता येत नाही. आज आपल्या धर्मग्रामांत अशी घरे थोडी नाहीत की ज्यांची मुले आखातात वा कॅनडात आहेत आणि अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी दिवसरात्र कोणी 'मावशी' बसलेली आहे. ती मावशी जव्हार-मोखाड्याकडून येते, कधी त्याहूनही दुरून. "आम्ही तिला घरच्यासारखीच मानतो," असे मला प्रत्येक घरी सांगितले जाते आणि ते प्रेमानेच सांगितले जाते. पण घरच्यासारखी म्हणून तिला आठवड्याची सुट्टी नसते, घरच्यासारखी म्हणून रात्री तीनदा उठवता येते. आणि घरच्यांना काही मृत्युपत्रात ठेवतात तसे तिला कोणी ठेवत नाही. नात्याचा शब्द येथेही सवलतीसारखा वापरला जातो. मी हे एका घरी बोललो तेव्हा ते कुटुंब नाराज झाले. त्यांची अडचणही खरी होती: मुलाचे पैसे दर महिन्याला येतातच असे नाही, औषधांचा खर्च थांबत नाही. न्याय्य वेतन देण्याची ऐपत नसलेला माणूस नेहमी लोभीच असतो असे नाही. अशा घराने काय करावे याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. निदान एवढे व्हावे की जे आपण देऊ शकत नाही ते देणे आहे असे म्हणावे. ते तिचे दान होते असे म्हणू नये. शोमरोन्यानेही सारे एकदम दिले नव्हते. उरलेले देणे लागतो, एवढे मात्र त्याने कबूल केले होते.

धर्मग्रामाची गोष्ट निराळी. सणाच्या रोषणाईला आणि बँडला पैसे मिळतात तेव्हा ऐपत नाही हे म्हणणे टिकत नाही. सध्या माझ्याकडे एक भगिनी आहेत. त्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरोघर जातात, अंग पुसतात, पाठीच्या जखमा बांधतात, औषधे चुकली का पाहतात. त्यांची रक्कम आमच्या हिशेबवहीत 'सेवा मानधन' या रकान्यात पडते. मागील बैठकीत मी अर्थसमितीपुढे दोन गोष्टी मांडल्या. रक्कम शासनाने ठरविलेल्या किमान वेतनाइतकी करावी आणि रकान्याचे नाव 'वेतन' असे लिहावे. आमचे खजिनदार भले गृहस्थ आहेत आणि बँकेतून निवृत्त झालेले आहेत. पहिल्या मुद्द्याला ते चटकन तयार झाले. दुसऱ्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "फादर, पैसे वाढवू. पण वेतन लिहिलं की मग रजा आली, बोनस आला, उद्या ग्रॅच्युइटी आली. नाव तेच राहू द्या ना."

विषय पुढील बैठकीवर गेला आहे.