ओंडक्याची वाट

कोंकणांतील डोंगरउतारावर स्वतःच्या रानांतला ऐन किंवा किंजळ तोडावयास १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानें परवानगी लागते. ओंडका रस्त्यानें नेण्यास वाहतुकीचा पास लागतो. खुंट आणि रस्ता यांमधील उताराबद्दल मात्र मालकास सहसा कोणी पुसत नाहीं. ओंडका सरळ खालीं ओढला कीं चर पडतो. आषाढांत त्याचा ओहोळ होतो आणि माती खालच्या शेतकऱ्याच्या खाचरांत जाऊन बसते. झाड मालकाचें खरें. पण शेजाऱ्याचें पीक बुडविण्याचा हक्क त्या मालकींत येतो काय? आडव्या वाटेनें बैलांकडून ओढवावें तर मजुरी वाढते, एवढेंच. वडिलांच्या रानांत मींहि एकदां सरळ वाटच पसंत केली. खाचराचा धनी कांहीं बोलला नाहीं. त्याचें घराणें पूर्वीं आमचें कूळ होतें. त्याच्या मौनाचा अर्थ मीं तेव्हां संमति असा केला.