न झालेला गोल

आमच्या नेरूळमध्ये जुने हॉकीशौकीन जमले, की अस्लम शेर खान यांचे नाव निघतेच. 1975 चा विश्वचषक, क्वालालंपूर. उपांत्य सामन्यात मलेशिया 2-1 ने पुढे, वेळ संपत आलेली. बदली खेळाडू म्हणून अस्लम उतरले, गळ्यातला तावीज चुंबला आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. पुढे भारताने विश्वचषक जिंकला.

पण अस्लम फुलबॅक होते. गोल अडवणे हे त्यांचे काम. त्यांनी अडवलेला चेंडू मात्र कुणाला आठवत नाही. झालेला गोल फलकावर दिसतो. न झालेला गोल कुठे लिहायचा?

हा प्रश्न खेळापुरता नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी भिवंडी बदनाम झाली होती. 1988 मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी एकत्र बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसे मारली गेली. भिवंडी शांत राहिली. मुंबईच्या मृतांची मोजदाद श्रीकृष्ण आयोगाने केली. भिवंडीत जे वाचले, त्यांची मोजदाद कोण करणार? आपण वाचलो, हे त्यांनाही ठाऊक नाही.

वाटेतला काटा दूर करणे हा आपण ईमानाचाच हिस्सा मानतो. ज्याच्या पायात तो रुतलाच नाही, तो शुक्रिया अदा करायला येणार कसा? काटा उचलणाऱ्याने त्याची वाट पाहू नये. पण त्याची आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.