आज्ञाधारकाचा नकार

दुसऱ्याच्या हातांतील साधन झाल्यानें मनुष्याचें मनुष्यत्व उणें होतें काय, हा नीतिशास्त्रांतील एक जुना प्रश्न आहे. मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें बजावलें. उलट, निमित्तमात्र होण्यांतच कर्त्याची कृतार्थता आहे, असें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. आपण दोन्ही मतांपुढें मान डोलावतों, पण त्यांचा मेळ कसा बसवावा याचा विचार सहसा करीत नाहीं. मला या प्रश्नाचें थोडेंफार उत्तर एका जपानी नटाच्या चरित्रांत सांपडलें. तेंच येथें वाचकांपुढें ठेवतों.

चिशू र्‍यू याचा जन्म १९०४ सालीं क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतांत एका बौद्ध मंदिराच्या पुजाऱ्याच्या घरीं झाला. तो तोक्योच्या तोयो विद्यापीठांत शिकावयास गेला, आणि तेथें त्याच्या अभ्यासाचा विषय होता भारतीय तत्त्वज्ञान! परंतु १९२५ सालीं अभ्यास सोडून तो शोचिकु कंपनीच्या कामाता येथील स्टुडिओंत उमेदवार नट म्हणून शिरला. वडील वारल्यावर कांहीं काळ त्यानें गांवचें मंदिर संभाळलें; पण तें काम भावावर सोंपवून तो पुन्हा स्टुडिओंत परतला. पुढें सुमारें दहा वर्षें त्याच्या वाट्याला किरकोळ भूमिकाच आल्या. त्याच्या बोलण्यांतला कुमामोतोकडचा हेल तर अखेरपर्यंत गेला नाहीं.

या माणसाला घडविलें तें यासुजिरो ओझू या दिग्दर्शकानें. ओझूच्या पन्नासाहून अधिक चित्रपटांपैकीं बहुतेक सर्वांत र्‍यू आहे. ओझूची शिस्त विलक्षण कडक. कॅमेरा जमिनीलगत, भांड्याकुंड्यांच्या जागा बोटभरहि ढळावयाच्या नाहींत, एकाच हालचालीच्या पुनःपुन्हा तालमी, आणि नटानें चेहऱ्यावर भावनेचें प्रदर्शन करावयाचें नाहीं. र्‍यूनें हें सारें मुकाट्यानें पाळलें. र्‍यू कुशल नट नाहीं म्हणूनच आपण त्याला घेतों, असें ओझू म्हणाल्याचें त्याच्या कानीं आलें, तेव्हां तें खरेंच आहे असें त्यानें लिहून ठेवलें. ओझू ज्या रंगांनीं चित्र काढी त्यांतला आपण एक रंग, एवढीच त्याची स्वतःविषयींची भावना होती. १९५३ च्या 'तोक्यो मोनोगातारी' या चित्रपटांत एकोणपन्नासाव्या वर्षीं तो सत्तरीच्या घरांतला म्हातारा झाला, आणि मुलांच्या घरीं अडगळ ठरलेला तो बाप पाहून कोणालाहि त्याच्या खऱ्या वयाची शंका येत नाहीं.

येथें आधुनिक वाचक म्हणेल, कीं ही निव्वळ गुलामगिरी झाली. हा आक्षेप हलका नाहीं. आज्ञाधारकपणाचा गुण किती भयंकर होऊं शकतो, हें त्याच जपाननें १९३७ ते १९४५ या काळांत जगाला दाखविलें. ओझू स्वतः सैनिक म्हणून चीनमध्यें जाऊन आला होता. १९४२ सालीं त्यानें काढलेल्या 'चिचि आरिकी' या चित्रपटांत र्‍यूनें बापाचें काम केलें आहे. त्यांत कर्तव्यासाठीं बापलेकांनीं एकमेकांपासून दूर राहावें अशी जी शिकवण आहे, ती युद्धकाळाला मानवणारीच होती. तेव्हां आज्ञापालन स्वभावतःच पवित्र असतें, असें म्हणण्याची सोय उरत नाहीं.

पण आतां १९४९ चा 'बान्शुन', म्हणजे 'सरता वसंत', हा चित्रपट पाहूं. विधुर प्राध्यापकाची सत्तावीस वर्षांची मुलगी त्याला सोडून लग्न करावयास तयार नाहीं. म्हणून आपणच पुन्हा लग्न करणार आहों असें तो तिला खोटेंच भासवितो. लग्न लागतें, मुलगी जाते, आणि रात्रीं बाप रिकाम्या घरांत एकटा बसून सफरचंद सोलूं लागतो. येथें मोठ्यानें रडावें, अशी ओझूची सूचना होती. र्‍यूनें सांगितलें, कीं हें मला जमणार नाहीं. ओझूच्या सूचनेला आपण नाहीं म्हटलें तें एवढ्या एकाच वेळीं, असें तो पुढें सांगत असे. ओझूनेंहि आग्रह धरला नाहीं. पडद्यावर आपल्याला दिसतें तें इतकेंच: साल गळून पडते, हात थांबतो, आणि मान हळूहळू खालीं जाते.

हा नकार कोणत्या जातीचा आहे? अहंकाराचा खास नव्हे. कारण रडण्याचा प्रसंग म्हणजे नटाला टाळ्या मिळवून देणारी हुकमी जागा, आणि र्‍यूनें नाकारली ती नेमकी तीच. कोणी म्हणेल, त्याला रडतां येत नव्हतें, एवढाच याचा अर्थ. असेल. परंतु मराठींत 'करणार नाहीं' आणि 'करवत नाहीं' असे दोन प्रयोग आहेत. पहिल्यांत इच्छेचा हट्ट असतो, दुसऱ्यांत सबंध स्वभावाची साक्ष असते. सदसद्विवेकबुद्धि पुष्कळदां तत्त्वाच्या भाषेंत बोलत नाहीं. 'मला हें करवत नाहीं' एवढेंच ती म्हणते. शिवाय भावनेचें प्रदर्शन नको हा धडा र्‍यूला ओझूनेंच दिला होता. त्या क्षणीं गुरूला त्याचा विसर पडला आणि शिष्याला पडला नाहीं!

माझ्या मतें मेळ बसतो तो येथें. ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं तें साधन. ज्याला तें म्हणतां येतें आणि तरीहि जो वर्षानुवर्षें हो म्हणतो, तो सहकारी. आज्ञा देणारा आणि पाळणारा या दोघांचीहि दृष्टि दोघांहून मोठ्या अशा एखाद्या गोष्टीवर असेल, तर पाळणाऱ्याचा नकारहि सेवाच ठरतो. पण त्यासाठीं आज्ञा देणाऱ्याला तो नकार ऐकूं आला पाहिजे. रणांगणावर धाडणाऱ्यांना तो ऐकूं येत नव्हता, ओझूला आला.

ओझू १९६३ सालीं, आपल्या साठाव्या वाढदिवशीं, वारला. कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरांतील त्याच्या समाधीवर 'मु', म्हणजे अभाव किंवा शून्य, हें एकच अक्षर आहे. त्यानंतर र्‍यू सुमारें तीस वर्षें जगला. १९६९ पासून एका लोकप्रिय चित्रपटमालिकेंत तो मंदिराच्या वृद्ध पुजाऱ्याचें काम करी. तरुणपणीं सोडलेलें पौरोहित्य असें भूमिकेच्या रूपानें त्याच्याकडे परत आलें. १९९३ सालीं तो वारला.

आपण बहुतेक जण कचेरींत कोणाच्या तरी आज्ञेंत असतों, आणि घरीं किंवा वर्गांत कोणी तरी आपल्या आज्ञेंत असतें. आपला एखादा नकार मानला जावा, इतकें मनापासून आपण कधीं काम केलें आहे काय, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःला विचारावा. मला मात्र त्याहून दुसराच प्रश्न अधिक अवघड वाटतो: माझ्या मुलाचें किंवा विद्यार्थ्याचें 'मला हें करवत नाहीं' हें हळू आवाजांतलें वाक्य मला ऐकूं येतें काय?