लॉटरीचे तिकीट आणि गृहस्थाचा धर्म

गृहस्थाश्रम हा सर्व आश्रमांचा आधार आहे. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी या तिघांचाही निर्वाह अखेर गृहस्थाच्या अन्नावरच चालतो. म्हणून त्याच्या घरात धन किती येते यापेक्षा ते कोणत्या वाटेने येते, याचा विचार आपल्या शास्त्रकारांनी अधिक केला आहे. शुद्ध वाटेने आलेल्या अन्नाने मन शुद्ध होते. अशुद्ध वाटेने आलेले धन कितीही मोठे असले तरी ते घरात अशांतीच आणते. या कसोटीवर आजच्या काळातील एका अगदी सामान्य वाटणाऱ्या गोष्टीची परीक्षा करणे आवश्यक झाले आहे. ती गोष्ट म्हणजे लॉटरीचे तिकीट.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतात केंद्र सरकारची अशी एकच राष्ट्रीय लॉटरी नाही. लॉटऱ्या राज्य सरकारे चालवितात. या कामी पहिले पाऊल केरळने उचलले. तेथे १९६७ साली खासगी लॉटऱ्या बंद करून राज्याची लॉटरी स्थापन झाली आणि २६ जानेवारी १९६८ रोजी तिची पहिली सोडत निघाली. तिकीट एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस पन्नास हजारांचे होते. १९६९ साली महाराष्ट्रानेही आपली लॉटरी सुरू केली. उलट तामिळनाडूने २००३ साली आणि कर्नाटकाने २००७ साली लॉटरी बंद केली. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने या सर्व व्यवहाराला चौकट घातली. कोणत्याही एका लॉटरीची सोडत आठवड्यात एकदाच निघावी, बंपर सोडती वर्षात सहांहून अधिक नसाव्यात, एकेरी आकड्यावर बक्षीस ठेवू नये, सोडत राज्य सरकारने स्वतः काढावी, असे त्यात सांगितले आहे.

‘आठवड्यात एकदा’ हे शब्द ऐकून कोणास वाटेल की हा खेळ मर्यादित आहे. परंतु नियम एकेका लॉटरीस लागू आहे, आणि लॉटऱ्या अनेक काढता येतात. केरळात आठवड्याच्या प्रत्येक वारी निराळ्या नावाची लॉटरी असते. त्यामुळे सोडत रोजच निघते. नागालँड राज्याच्या सोडती तर दिवसातून तीन वेळा निघतात. त्यांवर पुन्हा विषू, ओणम, पूजा, दिवाळी, लोहडी, बैसाखी अशा सणांच्या नावाने बंपर. खेळण्याची रीतही सोपी आहे. दुकानातून किंवा फिरत्या विक्रेत्याकडून मालिका व क्रमांक छापलेले तिकीट घ्यावे, सोडतीनंतर वर्तमानपत्रातील निकालाशी ते ताडून पाहावे, क्रमांक लागल्यास पाठीमागे नाव, पत्ता व सही करून ठरलेल्या मुदतीत सादर करावे. लहान रक्कम विक्रेत्याकडे मिळते, मोठ्या रकमेसाठी सरकारी कार्यालयात ओळखीच्या कागदांसह अर्ज करावा लागतो, आणि बक्षिसाच्या उत्पन्नावर ३० टक्के आयकर, शिवाय अधिभार भरावा लागतो.

इतका हा सोपा मार्ग आहे. आणि त्याच्या सोपेपणातच त्याचा धोका आहे. शेतकरी पेरतो तेव्हा नांगरट, बी, पाऊस, राखण या सगळ्यांतून जातो. या वाटेवर मात्र मनुष्याला काहीच करावे लागत नाही. फक्त वाट पाहावी लागते. आणि वाट पाहणारे मन हे काम करणाऱ्या मनासारखे राहत नाही. सकाळी तिकीट घेतलेला गृहस्थ दुपारपर्यंत कामाच्या ठिकाणी शरीराने असतो, मनाने मात्र बक्षिसाच्या रकमेचे वाटप करीत असतो. श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी संपत्तीच्या मनुष्याचे जे मनोगत वर्णिले आहे, त्यात आज काय हाती आले आणि उद्या काय येईल याचीच गणती अखंड चाललेली आहे. तिकीट घेणारा गृहस्थ असुर नव्हे, हे खरे. परंतु त्या गणतीचा पहिला धडा तो गिरवू लागतो, हेही तितकेच खरे.

लॉटरी हे द्यूतच आहे काय? मनुस्मृतीने निर्जीव वस्तूंनी पणास लावून खेळतात त्याला द्यूत आणि प्राण्यांच्या झुंजीवर पण लावतात त्याला समाह्वय म्हटले आहे. या व्याख्येने छापील कागद हा फाशाचाच भाऊ ठरतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. त्याची पत्नी दुरावली आहे, आप्त ओळख देईनासे झाले आहेत, आणि अखेर त्याला फासे टाकून शेती करण्याचा उपदेश मिळतो. इतक्या प्राचीन काळीही या व्यसनावर ऋषींनी सांगितलेले औषध हेच होते. फळ हवे असेल तर नांगर धरावा.

नल राजाची कथा या विषयात फार उद्बोधक आहे. द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला वनात बृहदश्व ऋषींनी ती सांगितली. नलाच्या शरीरात कली शिरला, पुष्कराशी खेळता खेळता राज्य गेले, आणि दमयंतीला अरण्यात निजलेली टाकून तो निघून गेला. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. एकदा वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने व फळे किती ते क्षणात सांगितले. नलाने रथ थांबवून ती मोजली, तेव्हा गणना बरोबर निघाली. (प्राचीन काळी बेहड्याचीच फळे फासे म्हणून वापरीत.) ही गणनेची विद्या आणि अक्षहृदय, म्हणजे द्यूताचे मर्म, ऋतुपर्णाने नलाला दिले, आणि ती विद्या मिळताच कली नलाच्या शरीरातून बाहेर पडला. मंत्र नाही, शस्त्र नाही; गणना कळली आणि कली निघाला! मोह हा न मोजण्यावर जगतो. ज्या क्षणी मनुष्य मोजू लागतो, त्या क्षणी मोहाचा आधार सुटतो.

तर ही गणना गृहस्थानेही एकदा करून पाहावी. ब्रिटनमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लॉटरीच्या मुख्य खेळात पूर्वी ४९ आकड्यांतून ६ निवडावयाचे असत. २०१५ साली आकडे ५९ करण्यात आले. ५९ आकड्यांतून ६ निवडण्याचे प्रकार ४ कोटी ५० लाख ५७ हजार ४७४ होतात, आणि त्यांतील एकच पहिल्या बक्षिसाचा. बुधवार आणि शनिवार अशा आठवड्यातील दोन सोडतींना एकेक तिकीट घेत गेल्यास वर्षाला १०४ तिकिटे होतात. या हिशेबाने पहिले बक्षीस सरासरीने एकदा लागण्यास ४ लाख ३३ हजारांहून अधिक वर्षे लागतील. शास्त्रात कलियुगाचे मान ४ लाख ३२ हजार वर्षे सांगितले आहे! म्हणजे एका बक्षिसाच्या आशेने एक संपूर्ण कलियुग खेळूनही हजारावर वर्षे उरतात. इतक्या अवधीत किती जन्म होतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आपल्याकडील लहान हिशेबही असाच बोलका आहे. रोज ५० रुपयांचे एक तिकीट घेणारा गृहस्थ वर्षाला १८,२५० रुपये घालवितो. वीस वर्षांत ३ लाख ६५ हजार. अधूनमधून लागलेले शंभर-दोनशेचे बक्षीस त्याच्या स्मरणात राहते, गेलेली रक्कम राहत नाही. शिवाय सर्व बक्षिसे, विक्रेत्यांचे कमिशन, छपाई, तिकिटावरील कर (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला) आणि राज्याचा लाभ, हे सारे तिकिटांच्या पैशातूनच निघते. म्हणून तिकिटे घेणाऱ्या सर्वांना मिळून जितके जाते तितके परत येणे शक्यच नाही. एकाचा आनंद हा लाखोंच्या वजाबाकीतून उभा राहतो, आणि त्या लाखांत मजूर, रिक्षावाले आणि कर्जात बुडालेले बापही असतात.

येथे काही शंका उपस्थित होतात. त्यांचा विचार क्रमाने करू.

शंका : राज्याने ज्याला परवानगी दिली, त्यात दोष कसला?

समाधान : राज्याची परवानगी म्हणजे शास्त्राची शिफारस नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्यूताध्यक्ष नेमून एकाच ठिकाणी द्यूत चालू द्यावे आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ घ्यावे, असे सांगितले आहे. राज्याला दोष आटोक्यात ठेवावयाचा असतो. साधकाला तो मनातून काढावयाचा असतो. दोघांची कर्तव्ये भिन्न आहेत.

शंका : हा पैसा लोककल्याणास लागतो. केरळात २०११ साली सुरू झालेल्या ‘कारुण्य’ लॉटरीच्या उत्पन्नातून गरीब रोग्यांना साहाय्य मिळाले. मग तिकीट घेणे हे दानच नव्हे काय?

समाधान : रोग्यांना मिळालेले साहाय्य चांगलेच आहे, त्याची निंदा कोणी करू नये. परंतु घेणाऱ्याने आपला भाव तपासावा. सतराव्या अध्यायाप्रमाणे सात्त्विक दान परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिले जाते, आणि फळावर दृष्टी ठेवून दिलेले दान राजस होय. पन्नास रुपये देऊन कोटीची अपेक्षा करणे याला राजस दान म्हणणेही कठीण आहे. ज्याला रोग्याची खरोखर कणव आहे, त्याने तेच पन्नास रुपये थेट रुग्णालयातील गरजूच्या औषधासाठी द्यावेत. तसे देताना हात मागे येत असेल, तर तिकीट घेताना कणव नव्हती, लोभ होता, हे आपोआप सिद्ध होते.

शंका : दहाव्या अध्यायात भगवंतांनी छळ करणाऱ्यांतील द्यूत ही आपली विभूती म्हटली आहे ना?

समाधान : त्याच अध्यायात सर्व हरण करणारा मृत्यूही त्यांनी आपली विभूती म्हणून सांगितला आहे, म्हणून कोणी विष पीत नाही. विभूतिवर्णनाने सामर्थ्य कोणाचे ते कळते, आचरण कोणते करावे ते नव्हे. आणि भगवंतांनी द्यूताला कोणाच्या पंक्तीत बसविले, ते पाहावे. ज्ञान्यांच्या नव्हे, दात्यांच्याही नव्हे, फसविणाऱ्यांच्या पंक्तीत.

शंका : सहज मिळालेल्या लाभात संतुष्ट राहावे, असे गीताच सांगते. बक्षीस हा सहज लाभच नव्हे काय? शिवाय तिकीटच घेतले नाही, तर प्रारब्धातील लक्ष्मी येणार कशी?

समाधान : चौथ्या अध्यायातील यदृच्छालाभ हा न मागता आलेला लाभ आहे, आणि संतोष त्याच्या आधीच असतो. तिकीट घेणारा मागून, वाट पाहून, बेचैन होऊन लाभाची इच्छा करतो. तेथे यदृच्छा कोठे राहिली? जो खरोखर संतुष्ट आहे, त्याचा हात तिकिटाकडे वळणारच नाही. प्रारब्धाविषयी म्हणावे तर, ते भोगाला येण्यासाठी दुकानदाराच्या कागदावर अवलंबून नाही. प्रारब्धावर विश्वास असणाऱ्याने त्याला रोज पन्नास रुपयांची आठवण करून देण्याचे कारण नाही.

शंका : कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, आणि त्या दिवशी खेळण्याची चाल आहे. मग दिवाळीच्या बंपरात दोष का?

समाधान : शिवपार्वतीच्या क्रीडेचे स्मरण म्हणून वर्षातून एक दिवस घरच्या मंडळींत खेळलेला सारीपाट निराळा, आणि सणाच्या नावावर घरखर्चाचा पैसा पणाला लावणे निराळे. युधिष्ठिरासारखा धर्मनिष्ठ राजाही ‘आमंत्रण आले, नाकारणे योग्य नव्हे’ असे मानून खेळावयास बसला. त्याने प्रथम धन, मग राज्य, मग भाऊ, मग स्वतःला आणि अखेर द्रौपदीला पणास लावले. दुसऱ्या खेपेस बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पदरी आला. धर्मराजाला जेथे थांबता आले नाही, तेथे ‘मी वेळीच थांबेन’ असे म्हणण्याचे धाडस सामान्य गृहस्थाने करू नये.

आता ज्याला ही सवय आधीच जडली आहे, त्याने काय करावे? पहिले हे की, निराश होऊ नये. नलाच्या शरीरातूनही कली निघाला. दुसरे, एका वहीत गेल्या वर्षभराच्या तिकिटांचा खर्च आणि आलेली बक्षिसे खरेपणाने लिहावीत. ही गणना म्हणजे त्याचे अक्षहृदय होय. तिसरे, तो हिशेब पत्नीपासून लपवू नये. जे धन घरात सांगता येत नाही, ते घराचे नसते. आणि पुष्कळदा कर्जाहून लपविलेले कर्जच कुटुंबाला अधिक पोळते. चौथे, तिकिटाची जी वेळ, त्याच वेळी तेवढी रक्कम मुलांच्या नावे टपाल खात्यात वा बँकेत ठेवावी आणि तिचा एक अंश अन्नदानाला द्यावा. रिकामा झालेला हात पुन्हा तेथेच जातो. त्याला दुसरे काम दिले पाहिजे. घरच्या माणसांनीही अशा मनुष्याला टोचून बोलू नये. लज्जेने तो पुन्हा एकदाच खेळून सर्व भरून काढण्याचा विचार करील, आणि तो विचारच सर्वांत घातक आहे. तिकिटे विकणाऱ्या गरीब वा अपंग विक्रेत्याचाही तिरस्कार करू नये. तिकीट न घेता त्याला जेवणापुरते द्यावे. त्यात त्याचाही मान राहतो आणि देणाऱ्याचाही धर्म.

आणि एखाद्यास बक्षीस लागलेच, तर त्याने प्रथम ऋण फेडावे, कर भरावा, गरजूंचा वाटा काढावा, आणि पुन्हा तिकीट घेऊ नये. नलाने राज्य परत जिंकल्यावर पुष्कराला क्षमा करून त्याचा वाटा त्याला दिला आणि खेळ तेथेच संपविला. जिंकूनही मोकळे होण्याची रीत हीच आहे.

राजस सुख आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असते, असे अठराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. सोडतीपूर्वीची ती गोड घटका आणि निकालानंतरचे ते सुने घर, या दोन्ही गोष्टी ज्याने अनुभवल्या आहेत त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे. आणि घामाने मिळालेली भाकरी देवापुढे ठेवून घरातल्या सर्वांनी वाटून खाल्ली, तर त्या घरात लक्ष्मी आपणहून राहते. तिला बोलावण्यास क्रमांक लागत नाही.