एक जीभ, दोन जबान्या

अमेरिकेत घरी केलेली बिअर विकता येत नाही. करा, प्या, शेजाऱ्याला द्या, स्पर्धेला पाठवा. चार पैसे घेतले की गुन्हा. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअरचं राहून गेलं, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं लोक ती तळघरात गुपचूप करत राहिले. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. फेब्रुवारी १९७९ पासून दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, बिअर करायची सूट मिळाली. फक्त धंदा करायचा नाही. (राज्यांचे कायदे पुन्हा आपापले. मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ पर्यंत अडून बसली होती.)

म्हणून या छंदातली कमाई शब्दांतच होते. माणूस सुट्टीचा दिवस खर्ची घालून मॉल्ट दळतो, गरम पाण्यात भिजवतो, गाळतो, उकळतो, हॉप्स घालतो, गार करून यीस्ट सोडतो, मग काही आठवडे वाट बघतो, आणि शेवटी पेला कुणाच्या तरी हातात देऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. मी राहते त्या कोलोरॅडोत अशा पेल्यांना तोटा नाही. इथल्याच बोल्डर गावात चार्ली पपाझियन या शिक्षकाने लोकांना घरी बिअर करायला शिकवता शिकवता १९७८ मध्ये, चार्ली मॅट्झनला सोबत घेऊन, अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन उभी केली. हातात तो पेला घेऊन मी काय बोलते, का बोलते, आणि जे बोलते ते मला लागलेल्या चवीबद्दलच असतं का, हे एकदा स्वतःशी नीट तपासावं असं बरेच दिवस मनात होतं.

तपासायला बसल्यावर पहिली गोष्ट हाती लागली ती भूषणावह नाही. बिअर करणारा समोर असला की मी मवाळ असते. नसला की कडक.

आमच्या क्लबची बैठक कुणाच्या तरी गॅरेजमध्ये भरते. दंतवैद्य, प्लंबर, शाळेतल्या बाई, माझ्यासारखी कॉम्प्युटरवर पोट भरणारी माणसं. दोन-तीन घोटांपुरती बिअर प्लास्टिकच्या कपात ओतली जाते आणि ओतणारा विचारतो, ‘कशी वाटतेय?’ मला लोण्याचा वास आलेला असतो. वितळलेलं लोणी, पॉपकॉर्नवर घालतात तसं. मी म्हणते, ‘रंग काय सुरेख आलाय!’ रंग ही माझी ठरलेली पळवाट आहे. स्पर्धेच्या गुणपत्रकात पन्नासपैकी रूपाला अवघे तीन गुण असतात हे पाठ असूनही मी त्या तीन गुणांवर बोलत राहते, आणि वासाचे बारा, चवीचे वीस तसेच गिळते.

स्पर्धेत सगळं उलटं. बाटलीवर फक्त आकडा. कुणाची ते माहीत नाही. स्टुअर्ड टेबलावर आणून ठेवतो, जोडीचा परीक्षक आणि मी आपापले कागद भरतो. बीजेसीपी ही परीक्षकांची संस्था १९८५ पासून आहे आणि तिचा तक्ता ठरलेला: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण परिणाम १०. बिअर कितीही बिघडलेली असो, सहसा १३ च्या खाली जायचं नाही, असा सौजन्याचा संकेत. त्या टेबलावर माझ्या पेनाला धार येते. गॅरेजमध्ये जो वास मी गिळला असता, तोच इथे तीन ओळी खातो.

बरेच दिवस मी याचं एक सोपं उत्तर मनाशी धरून होते. पडद्याआडून बोलायला कुणालाही हिंमत येतेच, त्यात माझं काय विशेष! पण ते उत्तर टिकत नाही. कारण गुणपत्रकावर माझं नाव असतं, ई-मेल असतो. बिअर करणाऱ्याला हवं तर तो मला उद्या जाब विचारू शकतो. पडद्याआड मी नसतेच, तो असतो. म्हणजे मला धाडस येतं ते माझं तोंड लपल्यामुळे नव्हे, त्याचं तोंड दिसत नाही म्हणून. हे कळल्यावर मला माझ्या कडकपणाचा अभिमान वाटेनासा झाला.

सांगलीच्या आमच्या घरात ताटातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत असा दंडक होता. त्याच घरातली मोठी माणसं लग्नाच्या पंगतीत आग्रहाची जिलबी हसतमुखाने वाढून घेत, आणि परतताना रिक्षात मठ्ठा पाणचट असल्यापासून मसालेभात गचका झाल्यापर्यंत सगळ्याची चिकित्सा करत. माझा स्वभाव त्या रिक्षातून आला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण क्लबातले नेब्रास्काचे आणि टेक्ससचे लोकही अगदी असंच करतात, तेव्हा संस्कारांवर ढकलणं जरा कठीणच.

मग यातली खरी मी कोणती? पटकन वाटतं, कडक तीच खरी. गोड ती भित्री. पण कडकपणात मला जी मजा येते ती बघितली की तिच्यावरही विश्वास टाकवत नाही.

वास ओळखण्याचं शिक्षण असतं. मॉर्टन मिलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बिअरच्या वासा-चवींचं एक चक्र तयार केलं. त्यामुळे जगभरचे बिअर करणारे एका गोष्टीला एकच नाव देऊ लागले. क्लबात आम्ही साध्या बिअरमध्ये एकेक द्रव्य थेंबाने मिसळून सराव करतो. डायअॅसिटिल म्हणजे लोणी. अॅसिटाल्डिहाइड म्हणजे कच्चं हिरवं सफरचंद. डीएमएस म्हणजे उकडलेला मका, कधी कोबी. बिअर हवेने उतरली की ओल्या पुठ्ठ्याचा वास, उन्हाने नासली की स्कंक नावाच्या इथल्या प्राण्याचा, ज्याच्या वाटेला कुणी जात नाही. ही नावं एकदा तोंडात बसली की माणूस चव घेत नाही, शोध घेतो. दोष सापडला की मला बरं वाटतं. त्या बऱ्या वाटण्यात बिअर करणाऱ्याचं भलं कितीसं असतं? फार नसतं. ‘मला कळलं’ हेच त्यात जास्त असतं.

याचा पुरावा दोषाच्या बिअरमध्ये मिळत नाही, निर्दोष बिअरमध्ये मिळतो. एखादी पिल्सनर येते: स्वच्छ, तरतरीत, मॉल्टची पावासारखी गोडी, हॉप्सचा नेटका कडवटपणा, शेवट कोरडा. लिहायला दोन ओळी पुरतात. कागदावर रिकामी जागा पुष्कळ उरते आणि मला ती खुपते. मग मी पुन्हा घोट घेते, आणखी एक, आणि लिहिते: ‘शेवटी किंचित तुरट.’ तुरटपणा खरंच होता का? की कागद भरायला मला काहीतरी हवं होतं? बिअर तोवर कपात गरम होत आलेली असते, आणि गरम होणाऱ्या बिअरमध्ये मागितलं ते सापडतं. ‘ही चांगली आहे, यात मी काही सुचवू शकत नाही’ एवढं एक वाक्य लिहायला मला जितके कष्ट पडतात, तितके वाईट बिअरवर पानभर लिहायला पडत नाहीत.

याहून मोठा मोह पुढे आहे. कागदावर सुधारणेच्या सूचनाही लिहायच्या असतात. ‘मला लोण्याचा वास आला’ ही साक्ष झाली. ती माझ्या नाकाची आहे आणि ती देण्याचा मला हक्क आहे. ‘तुम्ही यीस्टवरून बिअर लवकर काढलीत’ हा निवाडा झाला. मी त्याच्या गॅरेजमध्ये नव्हते. लवकर काढली असेल, शेवटी दोन दिवस ऊब द्यायची राहिली असेल, जंतू शिरला असेल, केगचा नळ नीट धुतलेला नसेल. पेल्यात सगळ्यांचा वास एकच येतो. उकडलेल्या मक्याचंही तसंच. पुस्तकातलं उत्तर ‘जास्त वेळ उकळा’. पण इथे मैलभर उंचीवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं, आणि त्याने कदाचित दीड तास उकळलंही असेल. साक्षीपेक्षा निवाडा लिहिताना माझं अक्षर जास्त ठाम येतं, हे मी बघितलं आहे. जे माहीत आहे तिथे ‘थोडंसं’, ‘बहुधा’. जे माहीत नाही तिथे ‘करा’, ‘टाळा’.

पेला ओठाला लागण्याआधीच काय होतं तेही सांगायला हवं. क्लबातले दंतवैद्य भांडी अशी उकळून घेतात की त्यांच्या बिअरमध्ये मला आंबूसपणा कधी येतच नाही. दुसरे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या फर्मेंटरवर धूळ असते. त्यांची बाटली उघडण्याआधीच मला काहीतरी कुबट यायला लागतं. बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत मला सारखा टोचतो. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू या तिघांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, त्यात फक्त वास नसलेला लाल रंग मिसळून. शिकलेल्या नाकांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तिथे रंग होता, इथे माणसाची प्रतिमा आहे. माझं नाक त्यांच्याहून जास्त शिकलेलं नाही.

आणि ते नाक अर्धं बहिरं आहे, हेही सरावातच कळलं. लोण्याचा तो वास काहींना अतिशय थोडा असला तरी येतो, काहींना जवळजवळ येतच नाही. मला उशिरा येतो. शेजारचे नाक मुरडून बसलेले असतात तेव्हा मी अजून हुंगत असते. मका मात्र मला सगळ्यांआधी कळतो. म्हणजे मी ‘लोण्याचा दोष नाही’ लिहिलं तर त्याला काही किंमत नाही. आता मी ‘मला जाणवला नाही’ असं लिहिते. पण जोडीचा परीक्षक माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्याचा असला आणि त्याने भुवई जरा उचलली, की मला तोच वास चक्क यायला लागतो. कागद भरून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही हा नियम कुणी तरी माझ्यासारख्यालाच बघून केला असावा.

मवाळपणाबद्दल मात्र मी पहिल्यासारखी स्वतःवर चिडत नाही. ‘कशी वाटतेय?’ विचारणारा प्रत्येक जण परीक्षा द्यायला आलेला नसतो. दंतवैद्य आपली गव्हाची बिअर घेऊन येतात ती चार माणसांत बसायला. तिच्यात लवंग थोडी जास्त आहे हे त्यांना सांगून कुणाचं काय साधणार! प्लंबर उलट जातीचा. तो मला कप देऊन सरळ म्हणतो, ‘खोटं बोलू नकोस, मला ही ऑगस्टच्या स्पर्धेला पाठवायची आहे.’ अवघड असतात ते यांच्या मधले, ज्यांना काय हवंय ते त्यांनाच ठरवता आलेलं नसतं. त्यांना मी हल्ली चव घेऊन झाल्यावर विचारते, ‘तुझ्या मनात कशी व्हायची होती?’ निम्म्या वेळा दोष ते आपल्याच तोंडाने सांगतात. मला सांगावं लागत नाही याचा सुटकेचा आनंद होतो, आणि या प्रश्नामागे चातुर्य किती आणि आस्था किती, याची मला पुन्हा शंका येते.

माझी स्वतःची बिअर स्पर्धेला जाते तेव्हा सगळं फिरतं. कागद येतात. मी आधी आकडा बघते. मग कमी गुण देणाऱ्याचा हुद्दा बघते. तो खालचा निघाला की जरा हायसं वाटतं. मजकूर त्यानंतर. ‘आंबवतानाचं तापमान सांभाळा’ असं वाचलं की डोकं भडकतं, कारण मी त्यासाठी वेगळा फ्रिज घेतलेला आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच घाण्याची उरलेली बाटली उघडते आणि त्याने लिहिलेलं शोधत बसते. बहुतेकदा ते सापडतं. ते आधीपासून तिथे होतं, की त्याने लिहिलं म्हणून आता लागतंय, हे बोर्दोच्या त्या विद्यार्थ्यांना सांगता आलं नसतं तसं मलाही येत नाही.