आधी खरवडणे, मग रंग

खाप्यास मँगनीज वाहणाऱ्या एका मालमोटारीचे इंजिन रंगविताना आम्ही पाहिले. मिस्त्री आधी रॉकेलने तेलकट मळ धुतो, मग तारेच्या ब्रशाने जुना रंग व गंज खरवडतो. “अहो, वरूनच मारा की!” म्हटले, तर म्हणाला, “तेलावर रंग धरत नाही, पोपडे निघतात.” पण उघडे पडलेले लोखंड तो रात्रभर तसे ठेवीत नाही. कन्हानकाठच्या दमट हवेत पुन्हा गंज चढेल, म्हणून त्याच दिवशी अस्तर!

आम्हां माळकऱ्यांचे काय? मळ न काढता टिळा लावणे ही एक चूक. पश्चात्तापाने खरवडलेले मन उघडे सोडणे ही दुसरी, अधिक फसवी. “मी शुद्ध झालो” हा गंज तिथेच धरतो. म्हणून दोष सुटला, त्याच घटकेस नामाचे अस्तर बसावे.