गिऱ्हाइकाचा नकार कुठवर?

सॅन दिएगोच्या समुद्रकाठी मँचेस्टर ग्रँड हयात नावाचे टोलेजंग हॉटेल आहे. 2008 च्या उन्हाळ्यात त्यावर बहिष्कार पुकारला गेला, कारण तेव्हाचे मालक डग मँचेस्टर यांनी ‘प्रपोझिशन 8’ मतपत्रिकेवर यावे म्हणून 1,25,000 डॉलर दिले होते. लग्न स्त्री-पुरुषांतच होऊ शकते असे कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत लिहून टाकायचे, असा तो प्रस्ताव. समलिंगी जोडप्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात दिलेला हक्क नोव्हेंबरात मतदानाने हिरावला गेला. बहिष्कार झोंबू लागल्यावर मँचेस्टर यांनी समलिंगींच्या संस्थांना 25,000 डॉलर रोख आणि लाखभर डॉलरच्या हॉटेलसेवा देऊ केल्या. ही लाच आहे, असे म्हणत कार्यकर्त्यांनी ती धुडकावली.

मला हा बहिष्कार चोख वाटतो. खोलीच्या भाड्यातून मालकाचा नफा होतो आणि त्या नफ्याच्या बळावर तो माझे लग्न रद्द करायची मोहीम उभारतो; मग त्या खोलीत मी का उतरावे? मालकाला मताचे स्वातंत्र्य आहेच, पण गिऱ्हाइकाला त्याच्या दारात जाण्याची सक्ती नाही. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर घातलेला शांततामय बहिष्कार हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये मान्य केलेले आहे.

अवघड आहे ते पुढचे. कॅलिफोर्नियात 100 डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी दिली की देणाऱ्याचे नाव आणि तो कुठे काम करतो हे जाहीर होते. लॉस एंजेलिसमधले ‘एल कोयोटे’ हे जुने मेक्सिकन रेस्टॉरंट समलिंगी गिऱ्हाइकांचा वर्षानुवर्षांचा अड्डा. तिथल्या एका व्यवस्थापिकेने, धर्माने मॉर्मन, ‘प्रपोझिशन 8’साठी स्वतःच्या खिशातून 100 डॉलर दिल्याचे यादीत निघाले. दारात निदर्शने झाली, टेबले ओस पडली. झळ पोहोचली ती टिपवर घर चालवणाऱ्या वेटरांना, आणि त्यांतले कितीतरी स्वतः समलिंगी होते. शेवटी त्या बाईंनी नोकरी सोडली. इथे रेस्टॉरंटचा पैसा मोहिमेत गेलेलाच नव्हता. झाले ते एका बाईला तिच्या मतापायी वाळीत टाकणे. जात पंचायतींचा हा उद्योग आपल्याला नवा नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे.

ब्रेंडन आइक यांचे प्रकरण या दोहोंच्या मधले. 2008 मध्ये त्यांनी त्याच प्रस्तावासाठी स्वतःचे 1,000 डॉलर दिले होते. 2014 मध्ये ते फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे मुख्याधिकारी झाले आणि दोन आठवडेही टिकले नाहीत. ओकेक्युपिड या जोडीदार जुळवणाऱ्या संकेतस्थळाने आपल्या पाहुण्यांना फायरफॉक्स सोडण्याची विनंती केली होती. असा प्रमुख आपल्याला चालेल का, हे ठरवणे कर्मचाऱ्यांचा हक्कच. पण फायरफॉक्स फुकट मिळतो, आणि देणगी सहा वर्षांपूर्वीची, खाजगी. समलिंगी विवाहासाठी 1989 पासून लेखणी झिजवणारे अँड्र्यू सलिव्हन या प्रकरणावर भडकले, ते मला पटते.

चिक-फिल-ए या फास्ट-फूड साखळीचे मात्र तसे नाही. तिथे कंपनीचाच पैसा विनशेप फाउंडेशनमार्फत समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या संघटनांकडे जात होता, म्हणजे चिकन सँडविचचे बिल आणि मोहीम यांची नाळ सरळ जुळलेली. 2012 मध्ये बहिष्कार पुकारताच माजी गव्हर्नर माइक हकबी यांनी 1 ऑगस्टला उलट हाक दिली आणि भर उन्हात दुकानांबाहेर रांगा लागल्या. गल्ल्याच्या हिशेबात बहिष्कार त्या दिवशी सपशेल हरला. त्यात बोस्टनच्या महापौरांनी आमच्या शहरात दुकान नको असा सूर लावला, आणि तो त्यांना मागे घ्यावा लागला. ते बरेच झाले. नगरपालिका गिऱ्हाईक नसते. मालकाचे मत पाहून परवाने ती देऊ लागली तर उद्या कोणाचे दुकान बंद होईल ते सांगता येत नाही. कंपनीच्या फाउंडेशनने देणग्यांची दिशा बदलल्याचे जाहीर केले ते पुढे 2019 मध्ये.

म्हणून बहिष्काराची हाक आली की आधी कंपनीच्या आणि तिच्या फाउंडेशनच्या देणग्या तपासाव्यात. तिथे माझा पैसा दिसला तर खुशाल पाठ फिरवावी. फक्त कोणा नोकरदाराचे नाव हाती लागले, तर जेवून बिल भरावे आणि वाद घालायचा तो मतदानाच्या मैदानात घालावा. ‘प्रपोझिशन 8’ची अंमलबजावणी न्यायालयीन लढाईमुळे 2013 मध्ये थांबली, आणि राज्यघटनेतले ते वाक्य नोव्हेंबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच काढून टाकले.